वाचकांचे प्रश्न : क्यारी पाम्यू पाम्यूचा पहिला संग्रह

प्रश्न : जपानी गायिका क्यारी पाम्यू पाम्यू हिचे ‘पोनपोनपोन’ हे गाणे मुलीमुळे आमच्या घरात सतत कानावर पडते. आवाज इतका यंत्रवत वाटतो की त्यात गायिकेचे किती आणि यंत्राचे किती, हे कळत नाही. तिच्या पदार्पणाच्या संग्रहाला एवढे महत्त्व का दिले जाते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘मोशी मोशी हाराजुकू’ हा छोटा संग्रह वॉर्नर म्युझिक जपानने १७ ऑगस्ट २०११ रोजी प्रकाशित केला, त्यातील ‘पोनपोनपोन’ हे गाणे जुलैमध्येच श्रोत्यांपर्यंत पोहोचले होते. क्यारी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तोक्योच्या हाराजुकू भागातील पोशाखशैलीची मॉडेल व ब्लॉगलेखिका म्हणूनच तरुणाईला ठाऊक होती. गाण्यांचे शब्द, चाली आणि संयोजन हे सारे यासुताका नाकाता या एकाच माणसाचे. कॅप्सूल या जोडगोळीतला हा संगीतकार त्याआधी परफ्यूम या तीन मुलींच्या गटासाठी काम करून नावारूपाला आला होता.

आवाजाविषयी तुम्हाला जे जाणवले ते बरोबर आहे, पण गायिकेचे उणे झाकण्यासाठी यंत्र आणले, असा त्याचा अर्थ लावणे मला अन्यायाचे वाटते. गाताना भावनेचा उमाळा येऊ देऊ नये, सूर सरळ आणि सपाट लावावा, हा नाकाताचा आग्रह परफ्यूमच्या काळापासून प्रसिद्ध आहे. असा सपाट लावलेला आवाज तो संगणकावर सुरांत काटेकोर बसवतो, त्याचे थर एकावर एक चढवतो आणि सिंथेसायझरच्या शेजारी, जवळजवळ त्याच उंचीवर ठेवतो. परिणामी गायिका पुढे आणि साथ मागे, ही आपल्याला सवयीची मांडणी मोडते. हरकत, मुरकी, श्वासाची थरथर यांत गायकाचा कस शोधणाऱ्या आपल्या कानांना म्हणूनच सुरुवातीला चुकल्यासारखे होते. ‘पोनपोनपोन’चे ध्रुवपद मात्र लक्ष देऊन ऐका: तिथले सुटे, छोटे उच्चार अर्थासाठी आलेले नाहीत, तबल्याच्या बोलांसारखे ते ठेक्याचेच काम करतात आणि खालच्या सलग नृत्यतालावर नेमके आदळतात. हे साधायला गळ्यातली तयारी लागत नसेल, पण उच्चारांची नेमकी जागा आणि अंगचा खेळकरपणा लागतो, आणि तो क्यारीचा स्वतःचा आहे.

संग्रहाला महत्त्व मिळण्याचे दुसरे कारण डोळ्यांशी निगडित आहे. या गाण्याच्या चित्रफितीचे नेपथ्य सेबास्टियन मासुदा या कलाकाराचे आहे, ज्याने १९९५ मध्ये हाराजुकूत ‘सिक्स परसेंट दोकिदोकी’ हे भडक रंगांचे दुकान सुरू केले होते. खेळण्यांनी खच्चून भरलेल्या खोलीत क्यारी आपल्या कानातून मायक्रोफोन ओढून काढते, आणि तिच्याभोवती पावाचे तुकडे, डोळ्यांची बुबुळे असे गोड आणि किळसवाणे एकाच वेळी तरंगत राहते. जपानी न कळणाऱ्या परदेशी प्रेक्षकांनीही ती चित्रफीत यूट्यूबवर उचलून धरली. गल्लीतली वेशभूषा, नृत्यसंगीत आणि हे नेपथ्य इतके एकजीव झालेले पदार्पण विरळाच, असे माझे मत आहे.

प्रश्न : जपानमध्ये सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या गाण्यांचा हा प्रकार याच काळात सुरू झाला का?

उत्तर : नाही. हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचा पहिला संग्रह १९७८ सालचा आहे, आणि तेव्हापासून सिंथेसायझर तिथल्या लोकप्रिय संगीतात रुळलेला आहे. नाकाताने त्याला नव्या शतकातील क्लबचा ठेका दिला. परफ्यूमचे २००७ मधील ‘पॉलिरिदम’ आधी ऐका, मग ‘पोनपोनपोन’ आणि त्यानंतर मे २०१२ मध्ये आलेला क्यारीचा पहिला पूर्ण संग्रह ‘पाम्यू पाम्यू रेव्होल्यूशन’. या क्रमाने ऐकल्यास नाकाताची पद्धत कुठे तीच राहिली आणि क्यारीसाठी त्याने ती कुठे वाकवली, हे स्वतःच्या कानांनी पडताळता येईल.