सोलच्या बुकछोन या जुन्या वस्तीत हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून फिरणं बरं दिसतं का? भाडं किती पडतं?

बरं दिसतं, बिनधास्त घाला. भाडं दुकानागणिक आणि तासांप्रमाणे बदलतं. आंगुक स्टेशनबाहेर दुकानंच दुकानं आहेत, विचारून घ्या. पण कुठला हानबोक घ्यायचा, यावर मला बोलायचंय.

आम्ही सोलला राहत असताना जाऊबाई आल्या होत्या. दुकानात शिरताच त्यांनी सोनेरी छपाईचा, आतून कड्या घालून फुगवलेला, पाठीवर तयार बो असलेला झगा उचलला. मी साधा मागितला. दुकानातल्या बाईंनी आधी आतला परकर दिला, मग छिमा, म्हणजे लांब घेरदार घागरा, छातीच्या वर गुंडाळून घट्ट बांधला, त्यावर आखूड चोगोरी, म्हणजे वरचं जाकीट. मग पुढच्या दोन लांब पट्ट्यांची गाठ. तिला गोरुम म्हणतात. एकच आडवा फास, दोन्ही टोकं खाली सोडलेली. पहिला फास वाकडा बसला म्हणून त्यांनी तो सोडला, पुन्हा बांधला आणि तळव्याने चपटा केला. जाऊबाई म्हणाल्या, "फोटोत कुणाला कळणार आहे?"

शिवलेल्या नऊवारीबद्दलही त्यांचं हेच वाक्य असतं. कळतं हो! ज्यांचा तो पोशाख आहे त्यांना लांबूनच कळतं. गोरुम बांधायला दोन मिनिटं लागतात, काष्टा घालायला दहा. तेवढा वेळ नसेल तर साधे कपडे घालावेत, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

बुकछोनला "सहाशे वर्षांची घरं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. वस्ती जुनी आहे, पण तिथल्या गाह्वे-दोंग भागातल्या गल्लीतले बरेचसे हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरं, 1920-30 च्या दशकांतले. जपानी राजवटीत चोंग से-ग्वोन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने मोठ्या वाड्यांच्या जागा विभागून तिथे छोटी कौलारू घरं उभी केली. आजही त्यांत माणसं राहतात. दारात बसून फोटो काढू नका, हळू बोला. मुख्य गल्लीत पर्यटकांना सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढीच मुभा आहे, मार्च 2025 पासून हा नियम मोडणाऱ्याला एक लाख वॉन दंड.

एक मात्र खरं, राजवाड्यांत हानबोकवाल्यांना प्रवेश फुकट असतो आणि तो फुगीर झग्यालाही मिळतो. बरोबर लहान मूल असेल तर हानबोकचा हट्ट धरू नका, चढावर लांब छिमा पायात येतो. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो, त्या दिवशी छांगदोकगुंग या दुसऱ्या राजवाड्याला जा. तिथल्या मागच्या बागेचं तिकीट मात्र हानबोक असला तरी वेगळं काढावं लागतं.