सर्जरीचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट (निवासी डॉक्टर) मागे पडतोय. लेक्चरर म्हणून मी काय करू?

आधी तो नेमका कुठे अडतोय ते शोधा: हातात, वाचनात की झोपेत. 'स्लो आहे' या शेऱ्यातून काहीच कळत नाही. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात शिकवताना पाहिलंय, इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या टाक्यांच्या गाठी सैल पडतात, त्याच्याच त्या झोप झाल्यावर नीट बसतात. केंद्राच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या आत असावी असं आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३च्या नियमांत आठवड्याची सुट्टीही आहे. वॉर्डात हे वाचून हसतील, पण निदान ती सुट्टी तरी त्याला मिळू द्या. हातच अडत असेल तर रोज १५ मिनिटं ड्रॉवरच्या कडीला टाक्यांचा सिल्कचा दोरा अडकवून एका हाताची गाठ, आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दर वेळी एकच ठरलेलं काम: आज फक्त हर्नियाच्या ऑपरेशनचं स्किन क्लोजर, म्हणजे शेवटी त्वचा शिवणं. चूक त्याच दिवशी सांगा, पण बाहेर येऊन, सिस्टरांसमोर नको. मात्र तो गप्प गप्प राहत असेल, जेवण टाळत असेल, तर गाठी राहू द्या, त्याला त्याच दिवशी मानसोपचार विभागात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.