शीतपेयाचा कारखाना येतोय? आधी विहिरीची पातळी लिहून ठेवा

प्रश्न : ताई, आमच्या गावाला लागून शीतपेयाचा कारखाना येतोय. पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं गावासोबत बैठक घेणार आहेत. झाडं लावू, शाळा रंगवून देऊ, पाणी वाचवू असं सगळं सांगतायत. निम्मं गाव खुश आहे, निम्मं धास्तावलंय. बैठकीत नेमकं विचारायचं काय?

विचारायचं नंतर बघू, बैठकीच्या आधीच एक काम उरका. गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायला लागा. अगदी साधं आहे, दोरीला वजन बांधायचं, विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करायची आणि दरवेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंत किती खोल ते मोजायचं. सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, कारण उपसा चालू असताना पातळी खाली गेलेली असते आणि मग आकडा फसवा येतो. महिन्यातून एकदा तरी, ठरलेल्या तारखेला, तारखेसकट फोटो काढून. जोडीला पावसाची रोजची नोंद ठेवा आणि दोन-चार विहिरींचं पाणी एकदा लॅबमधून तपासून घ्या, क्षार किती, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते) किती. हे सगळं कारखाना सुरू व्हायच्या आधी किमान एक वर्षाचं हाताशी हवं.

एवढं जीव तोडून का सांगतेय, तर एका ठिकाणी मी स्वतः बैठकीत बसले होते, शेतकरी सांगत होते पाणी पार तळाला गेलं, कंपनी म्हणत होती पाऊसच कमी झालाय, आणि आधीची नोंद ना यांच्याकडे होती ना त्यांच्याकडे. एक आजोबा उठून म्हणाले, "पूर्वी पाचव्या पायरीला पाणी लागायचं." मला त्यांचं पटलं होतं, पण तेवढं अहवालात लिहून चालत नाही हो. फार वाईट वाटलं तेव्हा.

आता बैठक. पहिला प्रश्न, एक लिटर पेयामागे पाणी किती लागणार? नीट चालवलेल्या शीतपेयाच्या कारखान्यात साधारण दोन लिटर लागतं, बिअर असेल तर तीन-चार किंवा त्याहूनही जास्त. बाटलीत जातं ते एक लिटर, बाकीचं टाक्या-पाइप धुण्यात, फिल्टरच्या उलट्या धुलाईत, आरओ फिल्टरने बाजूला टाकलेल्या खारट पाण्यात, बॉयलर आणि कूलिंग टॉवरमध्ये जातं. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, सगळ्यात जास्त उत्पादनाच्या महिन्यात रोजचा उपसा किती? वर्षाची सरासरी दाखवली तर मान डोलवू नका. थंड पेयं खपतात उन्हाळ्यात आणि विहिरी आटतात त्याही उन्हाळ्यातच, सरासरीत नेमकं हेच झाकलं जातं.

बोअरमधून जोरात उपसा झाला की आजूबाजूच्या भूजलाला नरसाळ्यासारखा खळगा पडतो, आणि तो किती लांब पसरेल हे खालच्या खडकावर अवलंबून असतं. म्हणून कोरड्या दिवसात सलग उपसा करून चाचणी घ्यायला सांगा, आणि निरीक्षणाच्या विहिरी कुंपणाच्या आत नकोत, बाहेर वेगवेगळ्या अंतरावर हव्यात. "जेवढं वापरू तेवढं पाणी परत जमिनीत मुरवू" असं म्हणाले तर लगेच विचारा, कुठे मुरवणार? दुसऱ्या पाणलोटात बंधारा बांधला तर तिथल्या लोकांचं भलं होईल, तुमच्या विहिरीला त्याचा उपयोग नाही.

उशिरा प्रश्न विचारले की काय होतं याची दोन उदाहरणं देते. केरळमधल्या प्लाचिमडात कोका-कोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला, पाणी आटतंय आणि पिण्यालायक राहिलं नाही म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या, २००३ मध्ये ग्रामपंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि २००४ च्या मार्चमध्ये उत्पादन थांबलं. कारखान्याचा गाळ खत म्हणून शेतकऱ्यांना दिला जात होता आणि २००३ मध्ये बीबीसीने तो तपासून घेतला तर त्यात कॅडमियम आणि शिसं निघालं. म्हणजे गाळ कुठे जाणार, हाही प्रश्न यादीत घाला. दुसरं मेक्सिकोतल्या मेक्सिकालीचं, तिथे बिअरचा मोठा कारखाना बराचसा बांधून झाला होता, मार्च २०२० मध्ये लोकमत घेतलं, मत देणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोक नको म्हणाले, आणि सरकारने पाण्याची परवानगी दिली नाही. कंपनीचा पैसा गेला, लोकांची वर्षं भांडणात गेली.

प्रश्न : मी नवीन कोल्ड्रिंक प्लांटच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेवर, ऑपरेटर आहे. दोन आठवडे झाले, गाळ खाली बसतच नाही, टाकीवर फेस आहे, आंबूस वास येतो. साहेब म्हणतात रात्री सोडून दे. काय करू?

सोडू नका. आधी हे बघा की तुम्ही म्हणताय त्या पाण्यात आहे काय. एक लिटर गोड पेयात साधारण १०० ग्रॅम साखर असते, ती पूर्ण कुजायला ११० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो, आणि नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर पेय ओढ्यात ओतलं तर जवळपास १४ हजार लिटर पाण्यातला प्राणवायू ते खाऊन टाकू शकतं. मासे मरतात ते विषाने नाही, गुदमरून.

आता तुमची टाकी. मोजपात्रात एक लिटर घ्या आणि ३० मिनिटं ठेवून बघा, गाळ कापसासारखा फुगून वरच राहतोय ना? साखरेच्या पाण्यात हे नेहमीचं दुखणं आहे, धाग्यासारखे जिवाणू वाढतात आणि गाळाला वजनच येत नाही. बऱ्याचदा कारण असं असतं की साखरेत कार्बन भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास नाहीच, आणि जिवाणूंना तिन्ही लागतं, बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) १०० असेल तर नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ हे ढोबळ प्रमाण. त्यासाठी युरिया आणि डीएपी घालतात. तुमच्याकडे डोसिंग पंप बसवलेला असेल पण ड्रम रिकामा असेल, असं मी इतक्यांदा बघितलंय की पहिल्यांदा तिथेच जाऊन बघा. दुसरं म्हणजे टाकीत विरघळलेला ऑक्सिजन मोजा, टाकीत हवा सोडणारा एखादा ब्लोअर बंद असला तरी हेच होतं.

तिसरी गोष्ट तुमच्या हातात नाही, प्रॉडक्शनवाल्यांच्या हातात आहे, त्यांच्याशी बोलावंच लागेल. सिरप बदलताना पाइपमधलं पहिलं घट्ट पाणी, मुदत संपून परत आलेल्या बाटल्या, आणि सीआयपीचं (टाक्या-पाइप न उघडता आतून धुण्याचं) कॉस्टिक, हे तिन्ही एकदम गटारात सोडलं की तुमच्या टाकीतले जिवाणू कोलमडतात, आज पीएच १२ तर उद्या ४. घट्ट गोड पाणी वेगळ्या टाकीत साठवून थोडं थोडं सोडायचं आणि इक्वलायझेशन टाकी (सगळं सांडपाणी आधी एकत्र मिसळायची टाकी) कायम ढवळती ठेवायची. साहेबांनी परत तेच सांगितलं तर लॉगबुकमध्ये वेळ आणि वाचन लिहा आणि पाणी साठवायला जागा मागा, लेखी मागा.

प्रश्न : कारखान्यात अमोनिया असणार असं ऐकलं, खरंच भीतीचं आहे का? आणि रात्रभर ट्रक?

मोठ्या रेफ्रिजरेशनला अमोनिया बऱ्याच ठिकाणी वापरतात. नीट सांभाळलं तर चांगला वायू आहे, पण गळती झाली तर डोळे-फुप्फुसं जाळतो. म्हणून किती टन साठा, डिटेक्टर कुठे, सायरन गावापर्यंत ऐकू येतो का, आणि सराव गावकऱ्यांना घेऊन करणार का, हे विचारा. वास आला तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं, हे मुलांनाही शिकवा.

ट्रकचा हिशोब तुम्हीच करा, दिवसाला ५ लाख लिटर माल म्हणजे ५०० टन, १० टनी गाडीने ५० गाड्या बाहेर आणि तेवढ्याच आत, वर साखर, प्रीफॉर्म (फुगवून बाटली करायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या), गॅस वेगळं. शाळा सुटायच्या वेळेत गाड्या नकोत हे आत्ताच लिहून घ्या. आवाज बहुतेक करून बाटल्या फुगवायच्या कॉम्प्रेसरचा असतो, तो गावाच्या बाजूला बसवू नका म्हणावं, नकाशा कागदावर आहे तोवरच हे सोपं असतं.

प्रश्न : नोकऱ्या देऊ म्हणतात. लेखी मागितलं तर कुणाकडे दाद मागायची?

आधी नोकऱ्यांचं. कारखाना चालू झाल्यावर बरंचसं काम मशीनच करते, माणसं जास्त लागतात ती बांधकामाच्या काळात आणि मग सीझनला, तीही बहुतेक ठेकेदाराकडून. तेव्हा "किती नोकऱ्या" असं मोघम नको, कायम किती, ठेक्यावर किती, बायकांना किती आणि प्रशिक्षण कधीपासून, असं तोडून विचारा. जमिनीच्या बाबतीत मालकाला पैसे मिळतात, पण तीच जमीन वर्षानुवर्षं कसणारा किंवा तिथे गुरं चारणारा कागदावर कुठेच नसतो, त्याचं नाव बैठकीत मोठ्याने घ्या.

आणि कर्ज कुणाचं आहे ते शोधा. जागतिक बँक समूहातल्या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या आयएफसीचा पैसा असेल तर त्यांचे पर्यावरण आणि समाजाबद्दलचे आठ निकष कंपनीला लागू होतात, २०१२ पासूनची आवृत्ती चालू आहे. असे कारखाने सहसा ब वर्गात धरतात, म्हणजे परिणाम मर्यादित आणि आवरता येण्यासारखे. त्याचा सारांश आणि कृती आराखडा मंजुरीच्या किमान ३० दिवस आधी वेबसाइटवर टाकावा लागतो, त्यात कोणतं काम कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं असतं. तो डाउनलोड करून मराठीत वाचून दाखवा गावाला. तक्रारीची पद्धत कंपनीने ठेवणं बंधनकारक असतं, आणि तिथे काही हललं नाही तर आयएफसीच्या प्रकल्पांबद्दलच्या तक्रारी ऐकणारं, १९९९ पासूनचं सीएओ नावाचं स्वतंत्र कार्यालय आहे, तिथे कुठल्याही भाषेत तक्रार करता येते, मराठीतसुद्धा. तक्रारीला वहीतले विहिरीचे आकडे जोडा.