घरची भाषा आणि वारसा यांचा स्थलांतरितांच्या मुलांच्या करिअरवर खरंच परिणाम होतो का?

होतो. माझा तर पेशाच त्यातून ठरला. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. ठाण्यात सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, मग आईबाबांबरोबर इस्रायलमध्ये बीरशेबाला आले. आता वृद्धांसाठी स्पीच थेरपिस्ट आहे.

आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आजी-आजोबा आमच्या खूप आधी इथे आले. त्या काळात लग्न ठरलं की रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आमच्या लोकांच्या कुळाची चौकशी करायचे. आंदोलनं झाली, आणि बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव इथल्या संसदेने १९६४ मध्ये केला. एवढं सोसलेल्या माणसांना मुलांनी हिब्रू पक्की करावी आणि सुरक्षित नोकरी धरावी असं वाटणारच. मलाही फार्मसीला घालायचं ठरलं होतं.

मग आजीला स्ट्रोक आला. इस्पितळात तिला हिब्रूत विचारलं, मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगा. एक-दोन नावं घेऊन ती गप्प झाली. संध्याकाळी मी तेच मराठीत विचारलं, तर म्हैस, बोकड, मुंगूस, घोरपड, खार, थांबेचना! कागदावर मात्र सकाळचेच गुण राहिले. मराठीतून तपासणारं तिथे कुणीच नव्हतं. त्याच आठवड्यात मी फार्मसीचा विचार सोडला. बाबा बरेच दिवस नाराज होते.

आता लोद, दिमोनाकडच्या आज्या माझ्याकडे येतात. चित्रांच्या कार्डांपेक्षा मी त्यांना मलिदा, म्हणजे आमचा पोह्यांचा प्रसाद, कसा करायचा ते विचारते. पोहे भिजवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, मग फळं मांडायची. क्रम लावणं, क्रियापदं, वाक्य पूर्ण करणं, सगळ्याचा सराव त्यात होतो. ज्याच्या नावाने मलिदा करतात त्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव आलं की अडखळणारी बाईसुद्धा गायला लागते.

नुसता सणावारापुरता अभिमान असेल तर करिअरवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असं मला वाटतं. भाषा रोजच्या वापरात हवी. आमच्याकडे इस्रायलमधून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचा अंक आजी मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणून माझं मराठी वाचन टिकलं. तरी मुलांवर ओझं टाकू नका. माझा भाऊ याच घरात वाढला, तो अश्दोदच्या बंदरात काम करतो आणि सुखात आहे.

सध्या इथल्या वृद्धांसाठी मराठीतून वाचाचाचणी तयार करायला घेतली आहे. ती पिढी आहे तोवर शब्द गोळा करायचे आहेत. तुमच्या ओळखीत कुणी अलिबाग-रेवदंडा भागातलं जुनं बोलणारं असेल तर जरूर कळवा.