नॅनो घेऊ की न्यूट्रिशन?

कोल्हापूरहून टी.वाय.बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. प्रोजेक्टमध्ये तिनं सोन्याचे नॅनोकण बनवले. एका बॅचचं पीक, म्हणजे प्रकाश सर्वात जास्त शोषला जातो ती तरंगलांबी, ५२० नॅनोमीटरला आलं, दुसरीचं ५४०ला, आणि असं का झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. शिवाय ती दहा किलोमीटर धावते. धावण्याआधी अर्धा तास ग्लुकोजचं पाणी घेतलं की सुरुवातीलाच पाय गळतात. एम.एस्सी. नॅनोमध्ये करू की स्पोर्ट्स न्यूट्रिशनमध्ये, असं ती विचारते. आईचं मत, 'नॅनोला स्कोप आहे.'

स्कोपचं नंतर बघू. आधी तुझं ५४०.

तू रीडिंग घेतलंस ते सगळं थंड झाल्यावर. उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात (सोन्याच्या संयुगात) सायट्रेट, म्हणजे सोन्याचे कण बनवून त्यांना सुटं ठेवणारं रसायन, पडलं की फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट निळसर छटा येते, मग वाइनसारखा लाल. सगळा खेळ त्या काही मिनिटांत होतो. पीक लांब तरंगलांबीकडे सरकलं म्हणजे कण मोठे झाले किंवा एकमेकांना चिकटले. पट्टा पसरट होऊन ६०० च्या पुढे शोषण वाढलं असेल तर चिकटल्याचा संशय जास्त. सायट्रेट कमी पडलं का, काचेची भांडी अम्लराजानं (सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं) धुतली होती का, हे शेवटच्या एका आकड्यावरून कळत नाही. दर मिनिटाला थोडा नमुना काढून स्पेक्ट्रम घे, गाडी कुठे घसरली ते दिसेल. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या तंत्रावर, मात्र फार विसंबू नकोस. लहान कणांचं प्रकीर्णन (प्रकाश विखुरणं) व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं, त्यामुळे चार मोठे गोळे बाकीच्या कणांना झाकून टाकतात. आकार बघायचा तर टीईएमच, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

ग्लुकोजचंही असंच, इथेही वेळेला महत्त्व. अर्ध्या-पाऊण तासात इन्सुलिन वर गेलेलं असतं, ते यकृताला साखर सोडू देत नाही. त्यात तू धावायला लागतेस आणि स्नायूही रक्तातली साखर ओढतात. काहींची साखर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत खाली येते. बहुतेकांची पुढे आपोआप सावरते, आणि अनेकांना तर काहीच जाणवत नाही. क्रीडापोषणात सर्वसाधारण सल्ला असा की व्यायामाआधी एक ते चार तासांत, वजनाच्या दर किलोला १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. वेळ कमी तसं प्रमाण कमी. पन्नास किलोच्या मुलीला तासभर आधी ५० ग्रॅम, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम कोरडे पोहे. शेंगदाणे आणि तेल बेतानं, स्निग्ध पदार्थांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

आता निवड. कण मनासारखे आले नाहीत तर बॅच ओतून देता येते. माणसाला तीच न्याहारी दोन वेगळ्या दिवशी दिली तरी आलेख वेगळा येतो, आणि तो रात्री नीट झोपला नव्हता हे तुला तिसऱ्या दिवशी कळतं. अशा गोंधळाचा तुला वैताग येतो की कुतूहल वाटतं? माझ्या मते निवड यावरच करावी. पत्रात तू ५४० बद्दल दोन पानं लिहिलीस आणि धावण्याबद्दल चार ओळी, म्हणून माझा कल रसायनशास्त्राकडे आहे.

पण 'एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजी' अशी पाटी बघून प्रवेश घेऊ नकोस. जॅम (आयआयटी वगैरे संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) देऊन सरळ रसायनशास्त्रात एम.एस्सी. कर आणि प्रोजेक्टसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विचारून बघ. पुढे औषधनिर्मिती, रंग, निदान-पट्ट्या अशा बऱ्याच वाटा आहेत. गर्भचाचणीच्या बऱ्याच पट्ट्यांवरची लाल रेघ तुझ्याच सोन्याच्या कणांची असते, हे आईला सांग.

न्यूट्रिशनच हवं असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रवेश-पात्रता आत्ताच वाच, कारण नुसत्या रसायनशास्त्राच्या पदवीवर आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणी होत नाही. जिममध्ये प्रोटीन पावडर विकणाऱ्यांची गर्दी फार. खेळाडूंसोबत बसून खरं काम करायच्या जागा थोड्या.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. त्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना भेट. पाय गळायला दरवेळी ग्लुकोजच कारण असेल असं नाही.