मोठा मल्ल आणि बारकी पोरं

चि. पैलवान,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘एक मोठा मल्ल निघाला की कुस्तीला चांगले दिवस येतील’ असं लिहिलंस. तुझ्या वयात मलाही असंच वाटायचं.

खाशाबा जाधवांचं बघ. गोळेश्वरचा गडी, कोल्हापूरच्या मातीत तयार झालेला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले, तर मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या! स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. याहून मोठा मल्ल कुठून आणायचा? तरी कुस्तीतलं पुढचं पदक यायला 2008 उजाडलं. छप्पन्न वर्षं. हलगी वाजली, गुलाल उडाला आणि पोरं पुन्हा तालमीतल्या त्याच मातीच्या हौद्यात उतरली. मातीत पाठ लागेपर्यंत झुंजायचं, मॅटवर मिनिटं नि गुण सांभाळायचे, हा फरक खाशाबांना 1948 ला लंडनमध्येच अंगावर कळला होता. तो त्यांच्याकडून पोरांपर्यंत पोचवायची सोय आपण केली नाही. याची मला आजही फार खंत वाटते.

उलट दिल्लीचे मल्ल सतपाल यांनी 1982 च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण जिंकलं आणि पुढे तिथल्याच छत्रसाल स्टेडियमवर पोरं घडवायला घेतली. सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, 2024 ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत, ऑलिंपिक पदकं आणणारे हे सगळे त्याच आखाड्यातले. सतपालांचं सुवर्ण मोठंच, पण कुस्ती वाढली ती या कामानं.

म्हणून मल्लाचं नाव फुकट जातं असं मात्र समजू नकोस. कुस्तीचं मैदान नावावरच भरतं. गेल्या आठवड्यात एक शेतकरी नऊ वर्षांच्या पोराला घेऊन तालमीत आला. फ्लेक्सवर तुझा फोटो पाहून पोरानं हट्ट धरला होता म्हणे. लंगोट उलटा बांधलेला, डोळे सारखे तुला शोधत होते. तू बाहेरगावी मैदानाला गेला होतास. मी त्याला हौद्याच्या काठावर बसवलं, मूठभर माती हातात दिली. ती त्यानं जाताना खिशात घालून नेली.

तो परत आलाय. सोमवारपासून पहाटेची मेहनत आटपली की अर्धा तास त्याला दे. डाव नंतर, आधी पडायला शिकव.

तुझा,
वस्ताद