हाताला गरम लागलं म्हणजे काय कळलं?

ताई, रेकीची, म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा द्यायच्या जपानी पद्धतीची, पहिली पातळी शिकून तुम्हाला तीन महिने झालेत. सासूबाईंना देताना गुडघ्यावर तुमचा हात तापतो, पोटाच्या उजव्या बाजूला गार पडतो, आणि त्यांच्या तळपायाची आग होते. तुमच्या सोबतच्या कुणीतरी सांगितलं की गार म्हणजे लिव्हरची ऊर्जा अडली आणि आग म्हणजे शरीरातलं विष निघतंय.

तळपायाचं आधी बोलू, कारण त्याला उशीर नको. सासूबाईंना दहा वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिन चालू, आणि माळकरी म्हणून मांस-मच्छी नाही, हे तुम्हीच लिहिलंय. शुगर जुनी झाली की पायाच्या नसांवर परिणाम होतो. मुंग्या येतात, आग होते, रात्री जास्त. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात ते आधीच बेताचं असतं, आणि त्यानेही असंच होतं. मग नेमकी रेकीच्या वेळीच का जाणवते? दिवसभर त्यांचा पाय घरात ठरत नसेल. तासभर निवांत पडल्या की लक्ष तिकडे जातं. बी-१२ तपासा, डॉक्टरांना पाय दाखवा, शेतात अनवाणी जाऊ देऊ नका. विषबिष काही नाही.

आता तुमच्या हाताचं. मी भुसावळला रेल्वेत कॅरेज-वॅगनला, म्हणजे डबे तपासायच्या खात्यात, होतो. गाडी लागली की अ‍ॅक्सल बॉक्सला, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकाला बेअरिंग असतं त्या पेटीला, हात लावत लावत पुढे जायचं. एखादा जास्त तापलेला लागला की थांबायचं. हात फक्त ‘इथं बघ’ म्हणायचा. बेअरिंग गेलंय की ग्रीस संपलंय, ते उघडल्यावरच कळायचं. रेकीतही मी हाताचं तेवढंच ऐकतो. जपानी पद्धतीत याला ब्योसेन म्हणतात. ऊब, जास्त ऊब, मुंग्या, ठणका, शेवटी दुखणं, अशा चढत्या पायऱ्या. त्यावरून हात कुठे जास्त वेळ ठेवायचा ते ठरवतात. आजाराचं नाव त्यातून काढायला जाऊ नका.

मी एकदा काढलं होतं. नवशिका होतो, शेजारच्या काकूंना म्हणालो, ‘उजवीकडे पोटात काहीतरी आहे, हात गार पडतोय.’ काकू चार रात्री झोपल्या नाहीत. जळगावला नेऊन सोनोग्राफी केली, सगळं स्वच्छ. पुढच्या वेळी बसलो तेव्हा ध्यानात आलं: मे महिना, कूलर माझ्या उजव्या अंगाला, आणि हाताला घाम. गार कूलरचा वारा होता! त्या काकू अजून भेटल्या की विचारतात, ‘भाऊ, आज कुठं गार लागी ऱ्हायनं?’

मुंग्यांचंही तसंच. कोपर खाटेच्या काठावर टेकून वीस मिनिटं बसलात तर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होणारच, तिथली नस दबते. सासूबाईंची ‘निगेटिव्ह ऊर्जा’ तुमच्या हातात शिरलेली नाही.

आपल्या मंडळींना आवडत नाही, तरी सांगतो. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी एक चाचणी केली होती. ती १९९८ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रेकी नव्हे, पण त्याच जातीच्या ‘थेरप्युटिक टच’वाल्या २१ जणांनी पडद्याआड हात ठेवायचे आणि तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे ते ओळखायचं. २८० पैकी १२३ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी १४० च्या आसपास आले असते. हे वाचल्यावर मी रेकी सोडली नाही, ‘मला तुमचं आतलं कळतं’ असं म्हणणं मात्र सोडलं.

घेणाऱ्याचं पोट गुरगुरणं, डोळा लागताना एकदम दचकणं, कधी रडू येणं, हे अंग सैलावल्याचं असतं. आनंदाने होऊ द्या. पण छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं कुणी म्हणालं, तर हात काढा आणि १०८ लावा. तिथे ‘हृदयचक्र उघडतंय’ म्हणत बसणारे मी पाहिलेत.

दर वेळी आधी सासूबाईंना विचारा काय वाटलं, तुमचं नंतर सांगा. नाहीतर त्या तुमचंच ऐकून मान डोलावतील. कोपराखाली उशी घ्या. आणि कूलर बंद करू नका, या उन्हात त्या उठूनच जातील; फक्त त्याचं तोंड भिंतीकडे फिरवा.